ढेरपोट्या शिडाची बूम

४ फेब्रुवारी

सूनबाई,

मायना काय लिहावा यातच सकाळ गेली. तू आता दुसऱ्या घरची. मग काय 'मॅडम' लिहू? सूनबाईच लिहितो. तुझ्या आताच्या माणसाला राग येणार नसेल तर चालवून घे, येणार असेल तर हे पत्र त्याला दाखवू नकोस.

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी आलं आणि चार ओळींचं. भिंगरी शिडाच्या फळीवर उभं राहून पाण्यावर जायला शिकली आहे, तिला तिच्या बाबांची शिडं हवी आहेत, बरी असतील तर पाठवून द्या, तब्येतीला जपा. शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मनापासून आहे की पत्र संपवायचं म्हणून लिहिलंस, ते कळेना.

शिडं बरी आहेत. तिन्ही तुमच्या खोलीत आहेत. उंदराच्या धास्तीने मी ती छताच्या कड्यांना टांगली आहेत. वर्षातून एकदा खाली काढतो, ओल्या फडक्याने पुसतो, उलटी गुंडाळतो म्हणजे घडी एकाच जागी पडायला नको. हे बरोबर की चूक मला माहीत नाही. विचारायला कोणी नव्हतं. धाकटं आणि मधलं अगदी नव्यासारखं आहे. मोठं, ज्याला तो ढेरपोट्या म्हणायचा, त्याच्या खालच्या कडेची शिवण थोडी उसवली होती. ती मी मेण लावलेल्या दोऱ्याने घातली. टाके जाड आलेत, पण पक्के आहेत.

अडचण बूमची आहे. परवा शेजारचे मास्तर विचारत होते, बूम म्हणजे नक्की काय. मी म्हटलं, मोठ्या माशाच्या आकाराचं एक कडं समजा. शीड त्या कड्याच्या मधोमध उभं असतं. आपण फळीवर उभं राहायचं, कड्याला दोन्ही हातांनी लोंबकळायचं, आणि वारा नेईल तसं जायचं. मास्तर म्हणाले, "म्हणजे लगामही तोच आणि सुकाणूही तेच." शिकलेला माणूस, एका वाक्यात उरकतो.

तर डोलकाठी आहे, बूम नाही. जुनी कुठे गेली ते तुला ठाऊक आहे. नुसती शिडं पाठवून काय उपयोग? नवीन बूम मी घेणार. तुझ्या माणसाला सांग, त्याने यात पडू नये. हौसच असेल तर पोरीला छत्री घ्यावी.

बूम ठरली की सगळं एकदम पाठवतो. घाई करू नये. घाईने काय होतं ते आपल्याला, असो.

पाठदुखी आहे तशी आहे. जपतो.

तुझा सासरा (होतो ते होतोच)


१९ फेब्रुवारी

सूनबाई,

तलावाच्या काठावर फळ्या आणि शिडं विकणारं दुकान आहे, तिथे जाऊन आलो. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिकडे गेलो. बसथांबा पाण्यासमोरच आहे. उतरल्यावर मी पाठ फिरवून चालत गेलो, एका सायकलवाल्याच्या अंगावर आदळलो. त्याने मला आंधळा म्हटलं. म्हणू दे.

दुकान एक बाई चालवते. उन्हाने रापलेली, केस पोरासारखे कापलेले, जीभ वस्तऱ्यासारखी. मी म्हटलं, "बूम हवी."

"कोणत्या शिडासाठी?"

"तीन शिडं आहेत. तिन्हींना चालेल अशी द्या."

"आजोबा, घरातल्या सगळ्यांना मिळून एकच चप्पल घेता का तुम्ही?"

मग तिने सांगितलं. प्रत्येक शिडावर बूमची लांबी छापलेली असते. बूमचा मागचा तुकडा पुढच्या नळीत सरकतो, त्याला भोकं असतात. शीड लहान असलं तर आत ढकलायचा, मोठं असलं तर बाहेर ओढायचा आणि खुंटी बसवायची. "पण शेवटच्या भोकापर्यंत ओढायची नाही," ती म्हणाली. "पूर्ण ओढली की मधे नळीवर नळी उरत नाही. तिथे ती कमकुवत होते. जोराच्या वाऱ्यात कडकन जाते. म्हणून बूम अशी घ्यायची की आपली शिडं तिच्या मधल्या भोकांत बसली पाहिजेत."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. तिने पाणी आणून दिलं.

"काय झालं?"

"काही नाही. चालून आलो ना."

"बसमधून उतरताना पाहिलं मी तुम्हाला."

"बसमधून उतरून चालून आलो."

सूनबाई, हे आपल्याला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. ती बूम त्याने मित्राकडून आणली होती, लहान शिडाची. ढेरपोट्याला लावायला शेवटच्या भोकापर्यंत ओढली होती. शीड काठाला लागलं, ते आपल्याला परत मिळालं. पोलिसांनी बूमचा तुटका भाग टेबलावर ठेवला तेव्हा मी तो हातात घेऊन पाहिला होता. खुंटी शेवटच्या भोकात होती. मी पाहिलं आणि मला काही कळलं नाही. माझी समजूत होती की वारा जास्त होता. सगळे म्हणत होते वारा जास्त होता. आता कळलं. कळून आता कुणाला सांगू? तुला सांगतो. तुला आधीच माहीत होतं का? असेल तर लिहू नकोस.

मग बाईने विचारलं, मुलगी केवढी आहे? मी हात कमरेशी धरून दाखवला. "एवढी."

"आणि वय?"

मी वय सांगितलं. ती हसायला लागली. "सोळाव्या वर्षी एवढी? आजोबा, खायला घालता की नाही तिला?"

मी तिला हसू दिलं. माझ्याही लक्षात तेव्हाच आलं. माझा हात अजून तिथेच होता, हवेत. खाली घ्यायला लाज वाटली.

तर कळव. भिंगरीची उंची, वजन आणि हाताचा पंजा. पंजा महत्त्वाचा. नळी जाड असली तर लहान पंज्याला धरवत नाही, मनगटं भरून येतात, असं बाई म्हणाली. पंजा लहान असेल असं गृहीत धरू नका, असंही म्हणाली.


११ मार्च

सूनबाई,

पाकीट मिळालं. तू उंची लिहिलीस ती मी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मांडली आणि समोर उभा राहिलो. मला मान वर करावी लागते. तुमच्याकडे पाणी वेगळं आहे की काय!

तिने कागदावर पंजा ठेवून रेघ मारून पाठवला, हे फार चांगलं केलं. मी माझा हात त्यावर ठेवून पाहिला. बोटं माझ्यापेक्षा लांब, तळवा अरुंद. करंगळी टोकाशी आत वळली आहे, त्याची वळली होती तशी. की पेन्सिल हलली? विचारून कळव. हलली असेल तर तसंही कळव.

आता बूमचं सांगतो. माझं हसं झालं ते आधी सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

तू लिहिलंस की भिंगरीला मधलं आणि मोठं ही दोनच शिडं वापरायची आहेत, धाकटं तिला आता पुरत नाही. छान. मी खोलीतला पलंग भिंतीला लावला, ढेरपोट्या जमिनीवर अंथरला, छापलेली लांबी पाहिली आणि पातळ पट्ट्यांचा साचा केला. लांबी मधल्या भोकात येईल आणि नळी शिडाला लागून बसेल असा. तुला माहीत आहे, मी जन्मभर खिडक्या-दारं बसवली. चौकटीत केस जाईल एवढी फट राहिली तरी मिस्त्री पुन्हा उतरवायला लावायचा. फट म्हणजे चूक, हे माझ्या हाडात बसलेलं आहे. तो साचा घेऊन दुकानात गेलो आणि त्यात बसेल अशी, सगळ्यांत अरुंद बूम निवडली. बाई दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलत होती. मी म्हटलं, ही बांधून द्या, बघा, कुठे फट नाही.

तिने साचा पाहिला, मला पाहिलं.

"आजोबा, ही काय खिडकी आहे?"

"माप चुकलं असेल तर दाखवा."

"माप बरोबर आहे. जमिनीवर सगळीच शिडं सपाट असतात हो. वाऱ्यात उभं करून पाहिलंत का?"

मी कशाला वाऱ्यात उभं करीन? मी ते कधी खोलीबाहेर काढलं नव्हतं. ती म्हणाली, शीड घेऊन या, उभं करून दाखवते. दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. बसवाल्याने एवढं लांब गुंडाळं बघून कटकट केली. मी म्हटलं, माणसाचं तिकीट लावतोस तर लाव, पण आडवं ठेवू दे. त्याने लावलं नाही.

दुकानामागे गवत आहे. तिने दुकानातली डोलकाठी घातली, मी निवडलेली बूम चढवली, दोऱ्या ताणल्या आणि शीड वाऱ्याकडे वळवलं. आधी काही झालं नाही. मग एकदम पोट भरल्यासारखं ते फुगलं आणि फुगून माझ्या त्या बिनफटीच्या नळीवर जाऊन टेकलं. पोटाला आडवी वळी पडली. जेवून उठलेल्या माणसाला लहानपणीची चड्डी घातल्यासारखं ते दिसत होतं. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

बाई म्हणाली, "हे शीड पोटाचं आहे. याला मागून रुंद बूम लागते. दांडीला टेकलं की आकार मोडतो. मग पोरीच्या हाताला कधी ओढ लागते, कधी नाही. शिवाय टेकून टेकून कापड घासतं. फट राहू द्यायची असते, आजोबा. त्या फटीत ते फुगतं."

तिने दुसरी बूम काढली. पुढून निमुळती, मागे पसरलेली. ती चढवली. पुन्हा वाऱ्याकडे धरलं. शीड फुगलं आणि नळीच्या अलीकडेच थांबलं. मधे माझा हात सहज गेला असता. मी घालून पाहिला, गेला. आतलं कापड थरथरत होतं. ताप आलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवावा तसं.

मी ते शीड कधी जवळून उभं पाहिलं नव्हतं गं. काठावरून पाहायचो, रंगाचा ठिपका असायचा, तेवढ्यावरून ओळखायचो. ते एवढं मोठं असतं, माझ्या डोक्यावर दोन पुरुष उंच, हे मला ठाऊक नव्हतं. बाईने विचारलं, "धरून बघता?" मी नको म्हटलं.

तर रुंद बूम घेतली. मधलं आणि मोठं दोन्ही मधल्या भोकांत बसतात. मी दोन्ही वेळा मोजलं, बाईलाही मोजायला लावलं. नळी बारीक आहे. भिंगरीचा कागदी पंजा मी बरोबर नेला होता, तो नळीभोवती गुंडाळून पाहिला. अंगठा बोटाला लागतो. बाई म्हणाली, "अशी खरेदी करणारा माणूस मी पाहिला नाही." चेष्टा होती की कौतुक, कळलं नाही.

धाकट्या शिडाला मात्र ही बूम चालत नाही, आत कितीही ढकलली तरी लांबच पडते.

आता पाठवतो. चांगलं बांधकाम करायला हवं, म्हणून दोन-चार दिवस.


२८ मार्च

सूनबाई,

पार्सलवाला एवढं लांब घेत नाही. दुसरा घेतो, पण त्याच्या गाडीत सामान आपटतं असं ऐकलं. शिवाय डोलकाठी दोन तुकड्यांची असली तरी तिला वेगळी पिशवी लागेल, ती मी शिवतो आहे. सुई चालवताना डोळ्यांना त्रास होतो. आणि तुमच्याकडे सध्या वारे जोराचे आहेत असं बातम्यांत म्हणाले. हा काही नव्याने उतरायचा हंगाम नाही. जरा निवळू दे.

भिंगरीला म्हणावं, बूम फार छान आहे. दररोज पुसतो.


१४ एप्रिल

सूनबाई,

तुझं पत्र वाचलं. मास्तरांना वाचायला दिलं नाही.

तू लिहितेस, "बाबा, तुम्ही शिडं पाठवणार नाही आहात हे मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. भिंगरीला कळायला वेळ लागला. आता तिने वाट बघणं सोडलं आहे. क्लबात भाड्याने मिळतं, ते घेऊन जाते."

खरं आहे. पार्सलवाला घेत होता. पिशवी तर केव्हाच शिवून झाली होती.

तू जाताना दारात म्हणाली होतीस, "या घरात पोरगी भीत भीत मोठी होईल." मी म्हणालो होतो, "मोठी तरी होईल." ते मी अजून मागे घेत नाही. तू मागे घ्या म्हणालीस तरी घेणार नाही. ज्याचं गेलं त्याला विचार. तुझंही गेलं, मला माहीत आहे. पण तुला पोरगी होती, तिला घेऊन तू चालू लागलीस. माझ्याकडे छताला टांगलेली तीन गुंडाळी राहिली. ती खाली उतरवून पुसायची, पुन्हा टांगायची. कोणी मागितली तर द्यायची, एवढं मी समजत होतो. कोणी मागेल असं वाटलं नव्हतं. आणि ती घेऊन पाण्यावरच जाईल, हे तर मुळीच नाही.

बूम निवडायला गेलो तेव्हा मी मनात ठरवलं होतं, निवडत राहायचं. आज ही पाहायची, उद्या ती. निवडणं संपेपर्यंत पोरगी मोठी होईल, तिला दुसरं काही सुचेल. या वयात आवडी बदलतात. पण ती बाई फार चोख निघाली, तिने तीन फेऱ्यांत काम संपवलं. मग मला बांधकाम सुचलं, मग पिशवी, मग वारे. तू ओळखलंस. तू पहिल्यापासून हुशार. तो म्हणायचा, हिच्यापुढे आपलं काही चालत नाही बाबा, तुम्हीही प्रयत्न करू नका.

पण भाड्याचं वाचलं आणि मी कड्यांखाली स्टूल ओढलं. भाड्याची बूम कोणाची असते? आदल्या दिवशी कोणी कोणत्या शिडाला लावली, कुठल्या भोकापर्यंत ओढली, किती वेळा ओढली, कोण पाहतं? पोरं तरणीताठी, काठावर हसत-खिदळत असतात, हाताला येईल ती उचलतात. मी इथे चांगली, भक्कम, मापाची बूम पुसत बसलो आहे आणि पोरगी तिथे कोणाची तरी धरून पाण्यावर जाते आहे. ज्याला भिऊन मी हे सगळं अडवून धरलं, ते मीच तिच्या हातात दिल्यासारखं झालं.

हे पत्र टाकायला जातो तेव्हाच सामानही टाकतो. पार्सलवाल्याला खाली बोलावून ठेवलं आहे. शिडं मी उतरवली. छताची कडी रिकामी फार वाईट दिसतात, खोली उंच वाटते. मास्तर पलीकडचं टोक धरायला आले होते. म्हणाले, "वजन काहीच नाही हो याचं." मी म्हटलं, नाहीच.


१५ एप्रिल

सूनबाई,

काल घाईत राहिलेलं लिहितो. सामान पोहोचायच्या आत हे पत्र पोहोचेल असं बघ, म्हणजे तू कसं बघणार, पण आधी हे वाचा आणि मग पिशवी उघडा.

बूमच्या मागच्या तुकड्यावर मी दोन ठिकाणी रंगाच्या रेघा मारल्या आहेत. हिरवी मधल्या शिडाची, निळी ढेरपोट्याची. निळ्याच्या पुढे ओढायची नाही. कोणी मित्र म्हणाला थोडी ओढ, काही होत नाही, तरी नाही. खुंटी बसल्याचा टक् असा आवाज येतो, तो ऐकायचा. खारं पाणी असेल तर दोन्ही नळ्या वेगळ्या करून गोड्या पाण्याने धुवायच्या, नाहीतर आतून गंज धरतो आणि वरून दिसत नाही. शीड नळीला टेकतं का ते पहिल्या दिवशी बघायचं. मधे हात गेला पाहिजे. भिंगरीचा जाईल, अरुंद आहे.

धाकटं शीड या बूमला चालत नाही, तिलाही पुरत नाही. म्हणून ते मी ठेवून घेतलं आहे. तुझी हरकत असेल तर कळव. हरकत नसेल तरी कळव.

तुझ्या माणसाला सामान गाडीतून उतरवायला सांग. तू उचलू नकोस, तुझा खांदा दुखायचा. छत्रीचं मी आधी लिहिलं होतं ते त्याला सांगितलं असशील तर मनावर घेऊ नको म्हणावं. पहिल्या दिवशी तो काठावर उभा राहील का? कोणीतरी मोठं माणूस काठावर असावं. नुसतं उभं राहायचं, काही करायचं नसतं. मी उभा राहायचो. त्या दिवशीही होतो, अंधार पडेपर्यंत. लोकांनी हाताला धरून घरी आणलं, तेव्हा तू दारात विचारलंस, "आला का?" मी तुला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. काहीतरी दिलं असेल.

आता एकच मागणं. भिंगरी पाण्यावर जायची असेल तेव्हा मला आधी कळवू नका. आज जाणार, उद्या जाणार, वारा कसा आहे, काही नको. ती परत आली, कपडे बदलून घरात बसली, की मग मास्तरांच्या फोनवर सांगा. नाव नको, बाकी काही नको. नुसतं 'आली' म्हणा. दर वेळी म्हणा, कंटाळू नका. मास्तर जिना चढून येतील आणि सांगतील. पाय दुखतात त्यांचे, पण येतील, मी विचारून ठेवलं आहे.

पत्र मिळाल्याचं कळव.

बाबा